निजलेले पाणी

टेबलावर सहा पेले होते. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. डाव्या पेल्यांपुढे 'नवा पाइप' अशी चिठ्ठी, उजव्या पेल्यांपुढे 'जुना पाइप'. मधोमध हिरवी पेटी. तिच्या मागून विजेची वायर निघाली होती आणि पुढे धातूच्या सळयांच्या दोन जोड्या लोंबत होत्या. सभागृहात खुर्च्या साठ. माणसे मात्र भिंतीला टेकलेली, जिन्यावर बसलेली, खिडकीतून माना आत घातलेली धरून शंभराच्या वर गेली, तेव्हा धाकटीने मोजणे सोडले.

ती या गल्लीतली नव्हे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून तिला वर्षही झाले नव्हते. ताईला दिवस गेलेले, सातवा महिना, म्हणून ती मदतीला येऊन राहिली होती. ताई शेजारच्याच खुर्चीवर बसली होती, मांडीवर चार वर्षांची चिमणी. चिमणीचे डोके आईच्या खांद्यावर कलंडले होते आणि डोळे उघडेच होते.

"मी मंत्र म्हणत नाही," पाणीबाबा म्हणाले. "धागेदोरे देत नाही, अंगारे देत नाही. मी मूळचा वायरमन. मी फक्त पाण्याला बोलतं करतो. विज्ञान बोलतं, मी गप्प बसतो."

गप्प मात्र ते बसले नाहीत. पांढरा शर्ट, हातात रबरी मोजे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. कुठल्याही दवाखान्यात शोभून दिसले असते.

"शेजारच्या गल्लीत नळखात्याने हा काळा प्लास्टिकचा पाइप घातला. त्या नळाचं हे पाणी. बघा, दिसायला कसं? स्वच्छ! आणि हे आपल्या जुन्या पाइपाचं, आपल्या आजोबा-पणजोबांनी घातलेल्या मऊ धातूचं. माझ्याच नळावरून या काचेच्या जगमध्ये भरून आणलंय. आता दोघांना एकच प्रश्न विचारू."

त्यांनी एक जोडी डाव्या पेल्यात सोडली, दुसरी उजव्या पेल्यात, आणि बटण दाबले.

डाव्या पेल्यात आधी बुडबुडे आले. मग पिवळट धूर पसरावा तसा रंग उतरू लागला. पिवळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीत हिरवट काळे धागे फिरू लागले आणि वर घाणेरडा फेस जमला. उजव्या पेल्यात काही म्हणजे काही झाले नाही.

"अगं आई गं!" पुढच्या रांगेतल्या शिंपीणबाई तोंडावर हात ठेवून म्हणाल्या. "हे आमच्या पोटात घालणार होते!"

"घालणार होते नाही बाई, शेजारच्यांच्या पोटात घातलंय," बाबा म्हणाले. "हे विष पाण्यात लपून होतं. विजेने त्याला बाहेर ओढलं." त्यांनी उजवा पेला उचलला, घटाघटा प्यायले आणि रिकामा पेला उलटा धरून दाखवला. टाळ्या पडल्या.

मागे उभा असलेला नळखात्याचा इंजिनिअर "अहो, पण माझं ऐका..." एवढेच म्हणू शकला. कुणीतरी त्याला म्हणाले, "साहेब, आता तुम्ही तो डावा पेला प्या, मग बोला." सभागृह हसले. इंजिनिअर प्यायला नाही. तिथेच तो हरला.

"धातू जिवंत असतो," बाबा सांगत होते. "रात्रभर पाणी पाइपात निजतं आणि धातू त्याच्या कानात आपले गुण सांगतो. म्हणून पहाटेचं पहिलं पाणी सांडू नका. ते निजलेलं पाणी. ते लेकरांना द्या, गरोदर बाईला द्या. वाहतं पाणी भांडी घासायला."

पाण्याला कान कुठे असतात, हे कुणी विचारले नाही.

गुरुवारी गल्लीची बैठक होती. जुना पाइप काढायला निम्म्याहून जास्त घरमालकांनी होकार दिला तर खोदकाम सुरू होणार. नाही म्हटले तर यंत्र आणि माणसे शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार, परत कधी फिरकतील ते त्यांनाच ठाऊक.

*

पहाटे ताईने उठून स्वयंपाकघरातला नळ सोडला तेव्हा धाकटी दारात उभी होती. ताईने पहिल्या धारेखाली चिमणीची गुलाबी बाटली धरली, मग दुसरी बाटली, मग स्वतःचा तांब्या. एक थेंब वाया गेला नाही. मग नळाखाली भांड्यांचा ढीग सरकवला.

"रोज दोन बाटल्या?" धाकटीने विचारले.

"आधी एक होती. पोट दुखतं ना तिचं. बाबा म्हणाले, वाढवा."

"आणि वाढवल्यावर?"

"अजून फरक नाही. मुरायला वेळ लागतो."

वर्षापूर्वी चिमणी वीसपर्यंत आकडे म्हणायची. मावशीला फोनवर म्हणून दाखवायची, पंधरा नेहमी विसरायची आणि स्वतःच खदखदून हसायची. आता तिला पाणी हवे असले की ती बोट दाखवत होती. डॉक्टर म्हणाले होते अशक्तपणा आहे, खात नाही म्हणून. भावोजी म्हणत होते, लाडावली आहे. पोट दुखू लागले म्हणून पहिले पाणी सुरू झाले, की पहिले पाणी सुरू झाले म्हणून पोट दुखू लागले, याचा हिशेब या घरात कुणी मांडला नव्हता. धाकटीला तो कालपासून सुटत नव्हता.

तिने इंजिनिअरकडून मागून आणलेले पाइपाचे तीन तुकडे ओट्यावर ठेवले. एक राखाडी, एक तांब्याचा, एक काळा.

"हे काय दुकान मांडलंस?"

"हा राखाडी तुमच्या नळाचा. नखाने ओरखडा काढ बघू."

ताईने नख ओढले. राखाडी सालीखाली चांदीसारखी रेघ चमकली.

"बाबा म्हणतात तसाच आहे की. मऊ."

"शिसं आहे ते, ताई. रस्त्यातला मोठा पाइप लोखंडाचा आहे, पण तिथून घरापर्यंत सगळा हा. आपल्याकडचं पाणी थोडं आम्लाकडे झुकतं, धातू खातं. नळ वाहता असला तर कमी खातं. रात्रभर तुंबून राहिलं की सावकाश, पोटभर खातं. सगळ्यात वाईट असतं ते पहिलं पाणी."

ताईचा चेहरा ताठ झाला. "मग तांब्याचा घाला ना. प्लास्टिक कशाला? आपली बादली आठवते? चार दिवस उन्हात राहिली तर पाण्याला वास मारायचा."

प्रश्न खोटा नव्हता. धाकटीने काळा तुकडा हातात घेतला. "तांबंही हे पाणी खाईल. शिशाइतकं वाईट नाही, पण खाईल. हा काळा पाइप जमिनीखाली राहतो, ऊन लागत नाही. प्लास्टिकही सगळं सारखं नसतं. पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेलं वेगळं आणि कुठलाही स्वस्त पाइप वेगळा. शेजारच्या गल्लीत वास आला तो खरा. घातल्यावर पाइप धुवून काढायचा असतो, ठेकेदाराने घाई केली. कुठलाही पाइप पाण्यात काही ना काही सोडतोच. काय सोडतो आणि किती, तेवढं बघायचं."

"तू नाकाने कांदे सोलायला कधी शिकलीस गं?"

"मला पहिल्या पाण्याची एक बाटली दे. तपासते."

"घे. दोन घोट पीसुद्धा, डोकं ताळ्यावर येईल."

धाकटी प्यायली नाही. तिने त्याच पहाटे पहिल्या धारेची एक बाटली नेली आणि नळ पाच मिनिटे वाहू दिल्यावर दुसरी. प्रयोगशाळेत आकडा आला तेव्हा तिला वाटले, दशांशचिन्ह चुकले. यंत्र पुन्हा जुळवले, पुन्हा मोजले. दुसऱ्या दिवशीचे पाणी आणून पुन्हा मोजले. चालू शकते एका लिटरला दहा मायक्रोग्रॅम शिसे. वाहत्या पाण्यात बावीस होते. निजलेल्या पाण्यात सहाशे चाळीस.

संध्याकाळी ताईने ऐकून घेतले. चिमणीचे केस विंचरता विंचरता ऐकले.

"तुझ्या यंत्राने तुला आकडा सांगितला," ती म्हणाली. "बाबांच्या यंत्राने मला रंग दाखवला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुझं शिसं दाखव बघू डोळ्यांनी."

"ते दिसत नाही. रंग नाही, वास नाही."

"मग झालं तर." कंगवा पुन्हा केसांतून फिरू लागला. "न दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवायला तू मला सांगतेस. आणि अंधश्रद्धाळू कोण, तर मी."

बुद्धीने ताई काही कमी नव्हती. डोळ्यांनी पाहिलेले तिने मानले होते आणि पाहायला दिले गेले तेच खोटे होते. आता आणखी आकडे सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत धाकटीने प्रयोगशाळेतच दोन खिळे घेतले, त्यांना विजेची जोडणी दिली आणि नळाच्या पाण्यात बुडवले. मिनिटाभरात पाणी तपकिरी झाले. मग तेच खिळे पुसून क्षार काढलेल्या पाण्यात बुडवले. काही झाले नाही. युक्ती एवढीच होती, शाळेच्या पुस्तकातली. ती हसली नाही. खिळ्यांकडे बघत बसली. युक्ती उघडी पाडणे सोपे होते. पण ती ज्या क्षणी उघडी पडेल, त्या क्षणी ताईला हेही कळणार होते की ती गुलाबी बाटली रोज कुणाच्या हाताने भरली.

सांगितले नाही तर ती उद्याही भरली जाणार होती. पोटातल्या बाळाला तर बाटलीही लागत नव्हती. आईच्या रक्तातले शिसे गर्भाशयातली वार ओलांडून परस्पर पोहोचते.

*

गुरुवारी पुन्हा सहा पेले, पुन्हा हिरवी पेटी. होकाराचे कागद इंजिनिअरच्या हातात कोरेच होते.

निघण्याआधी धाकटी ताईला म्हणाली होती, "एकच कर. बाबांच्या काचेच्या जगमधलं पाणी नको. आपल्या नळाचं पहाटेचं, तू स्वतः भरलेलं, तुझ्या हाताने घेऊन चल. बाबा खरे असतील तर ते स्वच्छच राहील. मग मी आयुष्यात तुला पाण्यावरून बोलणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

ताई आनंदाने निघाली होती. तिने पहाटेचा तांब्या झाकून ठेवला होता, तोच पदराआड धरून आणला.

बाबांनी डावा पेला काळा करून दाखवला आणि सभागृह पुन्हा हळहळले, तेव्हा ताई उठली. "बाबा, माझ्या बहिणीला शंका आहे. आमच्या जुन्या नळाचं निजलेलं पाणी आणलंय मी. यालाही विचारा. म्हणजे तिचं तोंड एकदाचं बंद होईल."

बाबांचा हात पेटीवर थबकला. "मुली, परीक्षा झाली की. माझं पाणी तेच, तुझं पाणी तेच."

"तेच आहे म्हणून तर," शिंपीणबाई म्हणाल्या. "घाला की. खऱ्याला भ्यायचं कशाला?"

"पाण्याला पुन्हा पुन्हा छळू नये. ते रुसतं."

"मघाशी तर बोलकं होतं!" मागून कुणीतरी म्हणाले. हशा पिकला. पण हा हशा त्या दिवशीच्या हशासारखा नव्हता.

ताईने स्वतः रिकामा पेला घेतला, तांब्यातून भरला आणि सळया त्यात सोडल्या. बटण धाकटीने दाबले.

आधी बुडबुडे. मग पिवळा धूर. मग तपकिरी, मग हिरवट काळे धागे. ताई पेल्याकडे बघत होती आणि तिचा एक हात नकळत पोटावर गेला होता.

"घरात अविश्वास शिरला की पाणी बिघडतं," बाबा चटकन म्हणाले. "दोष नळाचा नाही, माणसांचा आहे. बघा, माझं पाणी अजून स्वच्छ आहे!"

"आहे खरं," धाकटी म्हणाली. तिने चहाच्या टेबलावरची मिठाची डबी उचलली आणि सगळ्यांसमोर चिमूटभर मीठ बाबांच्या स्वच्छ पेल्यात टाकले. सळया पुन्हा सोडल्या, बटण दाबले. या वेळी पाणी तांब्यातल्या पाण्याहूनही लवकर तपकिरी झाले.

"मिठात विष आहे का, काकू?" तिने शिंपीणबाईंना विचारले.

"घरचंच मीठ खातो की आम्ही..." शिंपीणबाई पुटपुटल्या.

धाकटीने सळया वर काढून रुमालाने पुसल्या. रुमाल गंजाच्या रंगाचा झाला. तिने त्या पहिल्या रांगेत फिरवायला दिल्या. बुडणारी टोके खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेली होती, वरच्या भागापेक्षा चांगली बारीक झाली होती.

"हा रंग पाण्यातून आलेला नाही, सळईतून आलाय. लोखंड आहे ते. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि सळई झिजते. नव्या पाइपाचं पाणी घाला, जुन्याचं घाला, विहिरीचं घाला, हेच होणार. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. मीठ टाकलं की तेही काळं. बाबांच्या जगमध्ये त्यांच्या नळाचं पाणी नाहीच."

"मग कसलं आहे?" भावोजींनी विचारले.

उत्तर खिडकीतून आले. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला तिथे कोपरे टेकून उभा होता. "थांबा, थांबा. दर आठवड्याला बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचे कॅन नेता ना हो तुम्ही माझ्याकडून? मला तर म्हणालात, इन्व्हर्टरला लागतं. मी म्हटलं, एवढं पाणी पिणारा इन्व्हर्टर आहे तरी कुठला!"

कुणी हसले नाही.

बाबांनी पेटीची वायर ओढून काढली. "विश्वास नसेल तिथे मी थांबत नाही," म्हणाले आणि पेटी काखेत मारून निघाले. दारात त्यांना कुणी अडवले नाही. तीन-चार माणसे त्यांच्या मागोमाग बाहेरही गेली. शिंपीणबाई जागेवरून उठल्या, पुन्हा बसल्या. "पण काहीतरी असेलच ना त्यांच्यात," त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "वर्षभर पितोय आपण."

"म्हणूनच सांगते काकू, ऐका," धाकटी म्हणाली. "बाबांनी दाखवलेल्या काळ्या पाण्याने कुणी मेलं नसतं. आणि या तांब्यातल्या पाण्यात शिसं आहे, चालतं त्याच्या चौसष्ट पट. ते काचेसारखं स्वच्छ दिसतं. त्यांच्या यंत्राला ते कधीच दिसलं नसतं. डोळ्यांना दिसलं ते खरं आणि नाही दिसलं ते नाहीच, एवढ्यावर लेकरांचं पाणी ठरवू नका. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आपापल्या नळाची बाटली भरा, हव्या त्या प्रयोगशाळेत द्या. नवा पाइप पडल्यावर त्याचंही पाणी तपासा, ठेकेदाराने धुतला नसेल तर धुवून घ्या. कुणी सांगितलं यावर जाऊ नका. मोजा. एवढंच म्हणणं आहे. आणि पाइप बदलेपर्यंत पहिलं पाणी सोडून द्या. भांडी त्याच्यात घासा, पोरांना ते पाजू नका."

इंजिनिअर कागद घेऊन रांगांमधून फिरू लागला. कुणी सही केली, कुणी उद्या बघू म्हणाले. निम्म्याहून जास्त सह्या झाल्या.

ताई अजून टेबलापाशीच उभी होती. धाकटीने तिच्या दंडाला हात लावला. तिने तो झटकला नाही, धरलाही नाही.

"कधीपासून पाजतेय मी तिला?" ताईने विचारले.

"मागच्या वाढदिवसापासून," ताईनेच उत्तर दिले. "पहिली बाटली मीच भरली. ती नको म्हणायची. मी नाक दाबून पाजायचे."

तिने तांब्या उचलला, दाराबाहेरच्या गटारात पालथा केला आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग झोपलेल्या चिमणीला भावोजींच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतले.

"रक्त तपासतात म्हणालीस ना? कुठे?"

*

डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या दंडातून रक्त घेतले. चिमणी रडली नाही, याचीच त्यांनी नोंद केली. "एका डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की आम्ही धावपळ करतो," त्या म्हणाल्या. "तसं पाहिलं तर शून्याच्या वर काहीच बरं नाही. गेलेलं शिसं हाडांत बसतं. पाणी बदललं की रक्तातलं उतरतं, पण सावकाश. झालेलं सगळं भरून येईलच, असं मी सांगणार नाही."

"सांगू नका," ताई म्हणाली. "खरं तेवढंच सांगा."

खोदकाम बाळाच्या जन्माआधी पुरे झाले. ठेकेदाराने पाइप धुतला नव्हता. ताईने अवघडल्या अंगाने खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकली आणि तो धुऊन होईपर्यंत ती तिथून हलली नाही. राखाडी पाइपाचे वेटोळे ट्रकमधून गेले. बाबांच्या दाराला कुलूप होते. कुणी म्हणाले, पलीकडच्या गावात त्यांची पेटी पुन्हा सुरू झाली आहे. शिंपीणबाईंनी आपल्या नळाची बाटली धाकटीकडे दिली आणि निकाल मात्र विचारायला आल्या नाहीत. धाकटी तो त्यांच्या दारी जाऊन देऊन आली.

चिमणीला औषधे चालू होती. रोज रात्री ताई तिच्यासमोर बोटे धरायची आणि चिमणी मोजायची. ती कुठे थांबते ते ताई कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवत होती.

बाळ झाले, मुलगा. वजन ठीक होते. नाळ कापली तेव्हा धाकटीच्या सांगण्यावरून नाळेतले थोडे रक्त एका लहान नळीत घेतले गेले.

निकाल एकाच दिवशी आले. नव्या पाइपाचे पहाटेचे पहिले पाणी: एका लिटरला एक मायक्रोग्रॅम. चिमणीचे रक्त: पहिल्या तपासणीत एका डेसिलिटरला एकेचाळीस, आता एकोणतीस. चिमणीचे आकडे: सहापर्यंत. बाळाच्या नाळेतले रक्त: एका डेसिलिटरला सतरा.